ऑक्झिंडेन हे आडनाव मूळचं कुठलं?

गडवाटा

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं कुठलंही वर्णन काढा, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्यात येतोच. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी, महाराजांचे न्यायाधीश निराजीपंत, हिऱ्याची अंगठी, दरबारातले भाल्यावरचे सोन्याचे तराजू आणि माशांची सोन्याची तोंडं, आणि दारात उभे असलेले दोन लहान हत्ती बघून हे एवढ्या अवघड वाटेने वर चढवले कसे म्हणून त्याला पडलेला प्रश्न, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. पण हा माणूस कुठल्या गावचा, कुठल्या घरातला, त्याच्या आडनावाचा अर्थ काय, यावर मराठीत दोन ओळीसुद्धा सापडत नाहीत. आणि आडनाव तर असं की इंग्रजांमध्येही सहसा ऐकू येत नाही. स्मिथ, टेलर, बेकर पायलीचे पन्नास. ऑक्झिंडेन मात्र आपल्या ओळखीत एकच, रायगडावरचा. म्हणून मुद्दाम खोलात शिरलो, जेवढं नक्की कळलं तेवढं इथे मांडतो, तुम्ही भर घाला.

हे घराणं इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केंट परगण्यातलं. आडनाव गावावरून, म्हणजे जागेवरून पडलेलं. पहिला भाग ऑक्सेन, म्हणजे बैल, तोही अनेकवचनात. इंग्रजीत 'एन' लावून अनेकवचन करायची जुनी पद्धत आता दोनचार शब्दांतच उरलीय, त्यातला हा एक. दुसरा भाग 'डेन'. केंटच्या दक्षिण भागात वील्ड नावाचं मोठं जंगल होतं, सॅक्सन काळात उत्तरेकडच्या सुपीक गावांचे लोक आपली जनावरं, मुख्यतः डुकरं, शरद ऋतूत ओकची फळं खायला त्या जंगलात नेत, आणि प्रत्येक गावाची जंगलातली चराईची जागा ठरलेली असे. तिला डेन म्हणत. पुढे लोक तिथेच राहायला लागले आणि त्या चराईच्या जागांची गावं झाली. केंटचा नकाशा उघडून बघा, टेंटरडेन, बिडेंडेन, बेनेंडेन, रॉलव्हेंडेन, स्मार्डेन, फ्रिटेंडेन, हॉर्समंडेन, नुसती रांग लागलीय. टेंटरडेन म्हणजे थॅनेटच्या लोकांची चराई, आणि थॅनेट तिथून कितीतरी लांब, पार समुद्रकाठी. इतक्या लांबून गुरं हाकत आणायचे, त्या वाटा आजही रस्ते म्हणून शिल्लक आहेत.

तर ऑक्सेंडेन म्हणजे बैलांची चराई. घराण्याची वंशावळ तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळापर्यंत, म्हणजे चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते. तेव्हा ते नॉनिंग्टन गावाजवळ राहत. त्याच शतकात रिचर्ड ऑक्सेंडेन नावाचा माणूस कँटरबरीच्या मोठ्या मठाचा प्रायर, म्हणजे मठाधिपती होता, १३३१ ते १३३८. कँटरबरी म्हणजे इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्माची गादी. तेव्हा घराणं अगदीच अनोळखी नव्हतं.

त्यांच्या ढालीवरचं चिन्ह तर मला फारच आवडलं. पांढऱ्या जमिनीवर लाल उलटा व्ही, आणि त्याभोवती तीन काळे बैल. आडनावातच बैल, म्हणून ढालीवरही बैल. रायगडावर जो इंग्रज वकील महाराजांपुढे वाकला त्याच्या घराची निशाणी तीन काळे बैल होती, हे कळल्यापासून तो प्रसंग मला वेगळाच दिसायला लागलाय.

सह्यकडा

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. एक शंका आहे. सुरतेच्या पहिल्या लुटीत इंग्रजांची वखार ज्याने राखली तो पण ऑक्झिंडेनच ना? तो हाच का? मी आजवर दोन्हीकडे एकच माणूस धरून वाचत आलोय आणि आमच्या ग्रुपवर पण सगळे तसंच म्हणतात.

गडवाटा

नाही हो, ते दोघं वेगळे, आणि हा घोटाळा खूप ठिकाणी छापलेलाही दिसतो म्हणून बरं झालं विचारलंत. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेला होता तो सर जॉर्ज ऑक्सेंडेन, वखारीचा प्रेसिडेंट. मुघलांचा सुभेदार किल्ल्यात दडून बसला, पण याने वखारीतली माणसं, जहाजांवरचे खलाशी असे सगळे गोळा करून वखार लढती ठेवली. त्याबद्दल औरंगजेबाने त्याला खिलत, म्हणजे मानाचा पोशाख पाठवला, जकातीत सूट दिली, आणि कंपनीने सोन्याचं पदक दिलं. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली तेव्हा कंपनीचा मुंबईचा पहिला गव्हर्नर हाच जॉर्ज. १६६९ मध्ये तो सुरतेला वारला.

रायगडला आला तो हेन्री, जॉर्जचा पुतण्या, १६७४ मध्ये. तेव्हा जॉर्जला जाऊन पाच वर्षं झाली होती आणि गव्हर्नर होता जेराल्ड आँजिए. हेन्री मुंबईहून निघाला, चौल, मग रोहा-अष्टमी, निजामपूर करत पाचाडला पोचला, तर महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून त्याला खाली थांबावं लागलं. मुख्य काम तहाचं होतं, राजापूरची वखार लुटली गेली त्याच्या भरपाईचा प्रश्न लोंबकळत पडलेला. राज्याभिषेक बघायला मिळाला तो त्या कामाच्या ओघात. काकाने ज्यांच्यापासून वखार राखली त्यांच्याच अभिषेकाला दहा वर्षांनी पुतण्या नजराणा घेऊन उभा. घराणं तेच, म्हणून आडनावाचा घोटाळा होणं साहजिक आहे.

तापीकाठ

सुरतेत आमच्या घराच्या दोन पिढ्या गेल्यात, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. जॉर्जची कबर इथे आहे, कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात, पुरातत्त्व खात्याकडे आहे ती जागा. कबर म्हणजे आपल्या डोळ्यापुढे येते तशी नाहीच, दोन मजली घुमटाची इमारत आहे, खांब, कमानी, वर जायला जिना, लांबून बघणाऱ्याला एखाद्या मुसलमान सरदाराचा मकबरा वाटेल. आणि त्यात एकटा जॉर्ज नाही, त्याचा भाऊ ख्रिस्तोफर पण आहे, तो आधी १६५९ मध्ये इथेच वारला. एका भावाच्या कबरीवर दुसऱ्याची भव्य इमारत चढवली असं बघताना वाटतं. जवळच डच लोकांचं कबरस्तान आहे, दोघांनी एकमेकांवर ताण करायची म्हणून एवढ्या मोठ्या कबरी बांधल्या असं इथले जुने लोक सांगतात.

मराठी लोक सुरतेला येतात ते साड्या घ्यायला आणि लोचो खायला. शिवकाळाची आवड असणाऱ्याने ही जागा पण बघावी, मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन जातो.

केंटची_माहेरवाशीण

गडवाटा दादा, मी लग्नानंतर कँटरबरीजवळ राहते आणि तुम्ही ज्या गावांची नावं घेतलीत त्यातली बरीचशी माझ्या रोजच्या बसवर लिहिलेली असतात, त्यामुळे हा धागा वाचून अंगावर काटाच आला!

एक भर घालते. तुम्ही 'डेन' म्हणजे चराई म्हणता ते वील्डमधल्या गावांना अगदी बरोबर, पण ऑक्सेंडेन घराणं राहायचं तो भाग वील्डमध्ये येत नाही. नॉनिंग्टन, विंगहॅम, बारहॅम ही सगळी गावं पूर्वेकडे, डोव्हरच्या बाजूला, चुनखडीच्या टेकड्यांवर. इथे जंगल कमी, उघडी कुरणं आणि मधून मधून कोरड्या दऱ्या. आणि जुन्या इंग्रजीत दरीला जो शब्द होता तोही पुढे घासून 'डीन' किंवा 'डेन'च झाला. गंमत बघा, ऑक्सेंडेनांचा विंगहॅमजवळचा जो मोठा वाडा होता त्याचं नाव डीन, म्हणजे दरीच! त्यामुळे बैलांची चराई का बैलांची दरी, दोन्ही बसतं, आणि इथली जमीन रोज बघत असल्यामुळे माझा कौल दरीला आहे. बैल मात्र दोन्हीकडे पक्के.

विंगहॅमच्या चर्चमध्ये ऑक्सेंडेन घराण्याचं संगमरवरी स्मारक आहे, १६८२ सालचं. पांढऱ्या दगडात गुबगुबीत देवदूत, फळाफुलांच्या माळा, आणि खाली चार कोपऱ्यांना चार काळ्या बैलांची डोकी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे आडनाव रायगडाचं म्हणूनच माहीत होतं, आणि चर्चमध्ये एकदम शंकराच्या देवळात आल्यासारखं बैल दिसले. तिथल्या आजींना मी सांगितलं की यांच्यातला एक जण आमच्या राजाच्या राज्याभिषेकाला होता. त्यांना सुरत माहिती होती, रायगड नव्हता. मग काय, बाकावर बसवून सगळा राज्याभिषेक सांगितला, सात नद्यांचं पाणी, सिंहासन, तोफा, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि शेवटी त्यांनी वहीत महाराजांचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं.

अजून एक, बारहॅमजवळचा ब्रूम पार्क नावाचा लाल विटांचा फार देखणा वाडा. तो डिक्सवेल घराण्याने बांधला, पुढे ऑक्सेंडेनांकडे वारशाने आला, म्हणून नंतरचे काही जण डिक्सवेल-ऑक्सेंडेन असं जोडआडनाव लावायचे. १९११ मध्ये तो लॉर्ड किचनरने विकत घेतला, तोच किचनर, जो हिंदुस्थानात सरसेनापती होता. बघा कुठून कुठे धागे जुळतात.

वेतोबाचा_माणूस

मस्त चाललंय. आमच्या तळकोकणात गोठणे, गोठण नावाच्या जागा गावागावात सापडतात, दुपारी गुरं बसायची जागा ती गोठण, आणि तिच्यावरून गोठणकर आडनाव. तेव्हा ऑक्सेंडेन म्हणजे थेट आमचे गोठणकर झाले की. फक्त त्यांच्याकडे 'कर' लावायची पद्धत नाही, गावाचं नाव तसंच्या तसं माणसाला चिकटतं.

मला विचारायचं होतं की स्पेलिंग नक्की काय? मराठीत मी ऑक्झिंडेन, ऑक्झेंडन, ऑक्सेंडेन, ऑक्सिंडन असं सगळं वाचलंय.

गडवाटा

आपल्याकडे गोंधळ आहे कारण मुळातच त्यांच्याकडे गोंधळ होता. सतराव्या शतकात इंग्रजीत स्पेलिंग ठरलेलं नसे, एकच माणूस आपलं नाव दोन पत्रांत दोन तऱ्हेने लिहायचा. या घराण्याच्या दोन मुख्य शाखा, डीनची आणि बारहॅमची. आजकालचे अभ्यासक साधारणपणे डीनवाल्यांना मधे 'ई' घालून ऑक्सेंडेन लिहितात आणि बारहॅमवाल्यांना 'आय' घालून ऑक्सिंडेन. पण कंपनीच्या जुन्या कागदांत आपला हेन्री डीनवाला असूनही 'आय'ने येतो, आणि मराठीत तेच रूढ झालं. उच्चार मात्र 'क्स'चा आहे, आपण 'क्झ' करतो. तरी मी ऑक्झिंडेनच लिहितो, कारण आपल्या वाचकाला ते नाव डोळ्याने ओळखू येतं.

बारहॅमच्या शाखेत पण एक हेन्री होता बरं का, १६०८ ते १६७०, तो कधी हिंदुस्थानात आला नाही. पण या पठ्ठ्याने घरातली पत्रं जपून ठेवली, शेकड्याने. लग्नं, कर्ज, भांडणं, यादवी युद्ध, सगळं त्यात आहे, आणि ती १९३३ पासून छापलेली आहेत. त्यामुळे हेन्री ऑक्झिंडेन म्हणून शोधलंत की आधी हाच हेन्री पुढे येतो. नावामागे डीन आहे का बारहॅम ते बघायचं, मग चुकत नाही.

कागदपत्रे

एवढ्या जुन्या आणि श्रीमंत घराण्याचं आडनाव दुर्मिळ कसं राहिलं हा खरा प्रश्न आहे, त्यावर थोडं लिहितो.

व्यवसायावरून पडलेली आडनावं गावोगाव वेगवेगळ्या लोकांना पडली, प्रत्येक गावात लोहार होता म्हणून स्मिथ उदंड झाले. गावावरच्या आडनावाचं तसं नसतं. जागा छोटी असेल तर ते आडनाव एका, फार तर दोन घरांनाच पडतं, आणि मग ते टिकणं त्या घरातल्या मुलग्यांवर अवलंबून राहतं. ऑक्सेंडेनांना १६७८ मध्ये बॅरोनेटची, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी 'सर' पदवी मिळाली, ती बापाकडून मुलाकडे किंवा भावाकडे अशीच जायची. मुली दुसऱ्या घरी गेल्या की आडनाव गेलं. दहावा बॅरोनेट १९२४ मध्ये वारला, पुढे कोणी नव्हतं, आणि पदवी तिथे संपली.

मुलीच्या वाटेने मात्र या घराची माणसं पुढे खूप चमकली. स्ट्रेन्शॅम मास्टर हे नाव मद्रासच्या इतिहासात मोठं आहे, तिथला गव्हर्नर होता तो. त्याची आई ऑक्सेंडेन, म्हणजे सुरतेचा जॉर्ज त्याचा सख्खा मामा. मामानेच त्याला लहानपणी हिंदुस्थानात आणलं आणि १६६४ च्या त्या प्रसंगात तोही सुरतेला होता. आईचं आडनाव चाललं असतं तर आज मद्रासच्या पुस्तकांत पण ऑक्सेंडेनच वाचलं असतं.

जाता जाता, केंटमध्ये वारसाची पद्धत उरलेल्या इंग्लंडपेक्षा निराळी होती. इतरत्र सगळी जमीन थोरल्याला, केंटमध्ये सगळ्या मुलग्यांत समान वाटणी, अगदी आपल्यासारखी, आणि ती कायद्याने १९२५ पर्यंत टिकली. मोठ्या जमीनदारांनी मात्र खास कायदे करून घेऊन आपल्या इस्टेटी त्यातून बाहेर काढल्या, वाडा आणि जमीन एकाच हाती राहावी म्हणून. मग धाकट्यांनी काय करायचं? व्यापार, चर्च, नाहीतर जहाज. जॉर्ज आणि ख्रिस्तोफर सुरतेला का आले याचं उत्तर मला यात दिसतं.

लंडनकर_अभि

लंडनमध्ये हे आडनाव रोज हजारो लोक वाचतात पण कुणाच्या लक्षात येत नाही. पिकॅडिली सर्कसपासून चार पावलांवर, हेमार्केटला लागून, ऑक्सेंडन स्ट्रीट आहे. रॉबर्ट बेकर नावाच्या शिंप्याने पिकडिल नावाच्या ताठ कॉलर विकून पैसा केला आणि तिथे घर बांधलं, लोकांनी त्या घराला पिकॅडिली हॉल नाव पाडलं, त्यावरूनच पिकॅडिली. त्याच्या मुलीचं लग्न सर हेन्री ऑक्सेंडेनशी झालं, जमीन त्यांच्याकडे आली, रस्त्याला नाव पडलं. पण पाटीवर शेवटी 'डॉन' आहे. केंटच्या समुद्रकाठी हर्न बे नावाचं गाव आहे तिथे पण ऑक्सेंडेनांची जमीन होती आणि त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तिथे मात्र स्पेलिंग घराण्याचंच.

कागदपत्रे

अभि, 'डॉन'वरून आठवलं ते सांगून ठेवतो नाहीतर लोक मिसळतील. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये ग्रेट ऑक्सेंडन नावाचं गाव आहे, त्यातला 'डॉन' म्हणजे टेकडी. बैलांची टेकडी. त्या गावाचा केंटच्या घराण्याशी संबंध जोडायचा नाही. तसंच डेव्हनमधलं ऑक्सेनहॅम, त्यावरून ऑक्सेनहॅम आडनाव. इंग्रज दर्यावर्दी ड्रेकचा साथीदार जॉन ऑक्सेनहॅम, ज्याला स्पॅनिश लोकांनी १५८० मध्ये पेरूत लिमाला फाशी दिलं, तो त्यातला. बैल सगळ्यांचेच, घरं मात्र वेगळी.

कॅरोलायनाची_रेवा

मला हा धागा उशिरा दिसला, पण माझ्याकडे जे आहे ते तुम्हाला कुणाला अपेक्षित नसेल! मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. इथे ऑक्सेंडाइन आडनाव अजिबात दुर्मिळ नाही. आमच्या दक्षिणेला रॉबसन काउंटी आहे, तिथे लंबी नावाच्या मूळनिवासी लोकांची मोठी वस्ती, आणि त्यांच्यात लॉकलियर, लाउरी, चॅव्हिस यांच्याबरोबर ऑक्सेंडाइन हे अगदी घराघरातलं आडनाव. दुकानांच्या पाट्या, शाळेचे शिक्षक, चर्चचे पाद्री, सगळीकडे. इंग्रजांच्या वसाहतीत इंग्लिश आडनावं मूळनिवासी कुटुंबांकडे आली तशातलंच हे, आणि ऑक्सेंडेनचंच बदललेलं रूप म्हणून ते ओळखलं जातं. पण म्हणून हे लोक केंटच्या सरदारांचे वंशज असं म्हणू नये. आडनाव एका वाटेने जातं, रक्त दुसऱ्या.

आणि त्यांचा इतिहास फार सोसलेला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सरकारने या लोकांना जबरदस्तीने किल्ल्याच्या बांधकामावर जुंपलं. त्यातून हेन्री बेरी लाउरीच्या टोळीचं बंड उभं राहिलं, अनेक वर्षं चाललं. त्या टोळीतल्या हेंडरसन ऑक्सेंडाइनला १८७१ मध्ये फाशी दिलं. पुढे १८८७ मध्ये तिथे मूळनिवासींसाठी शिक्षक तयार करणारी शाळा निघाली, ती आज पेम्ब्रोकचं विद्यापीठ आहे. आणि त्या विद्यापीठाचे चॅन्सलर होते जोसेफ ऑक्सेंडाइन, स्वतः लंबी. इंग्लंडमध्ये जे नाव वाड्यांबरोबर आटत गेलं ते इथे असं स्वतःच्या पायावर उभं आहे. माझ्या मुलीच्या वर्गात एक ऑक्सेंडाइन आहे, आणि राज्याभिषेक दिनाला मी मुलीला रायगडाची गोष्ट सांगते तेव्हा ती मधेच म्हणते, हे तर आमच्या वर्गातलं नाव.

सह्यकडा

रेवाताई, हे खरंच कधी डोक्यात आलं नसतं. धन्यवाद. मी आधी ऑक्झिंडेन म्हणजे एकच माणूस समजत होतो, इथे तर सुरत, मुंबई, लंडन, अमेरिका सगळं निघालं.

केंटची_माहेरवाशीण

कॅनडा राहिलं! ॲश्टन ऑक्सेंडेन, १८०८ मध्ये ब्रूम पार्कलाच जन्मला आणि पुढे माँट्रियलचा बिशप झाला.

रेवाताई, आमच्याकडे इथे हे आडनाव माणसांपेक्षा दगडांवर आणि पाट्यांवरच जास्त दिसतं. तुमच्याकडे वर्गात हजेरीला पुकारतात हे वाचून फार बरं वाटलं.

तिथीवाला

आडनावाशी थेट संबंध नाही पण हेन्रीचा विषय आहे म्हणून. त्याच्या कागदांतल्या तारखा वापरताना सांभाळा. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ म्हणजे त्यांच्या हिशेबाने ६ जून १६७४, आजच्या कॅलेंडरने १६ जून. आपण ६ जून पाळतो ती तारीख त्या जुन्या हिशेबाची आहे. तो रायगडावर किती दिवस होता, तह कधी झाला, हे मोजताना सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरमध्ये घ्या, नाहीतर दहा दिवसांचा फरक पडतो.

गडवाटा

तिथीवाला, हे फार कामाचं. सगळ्यांचे आभार, एवढी भर पडेल असं वाटलं नव्हतं. माहेरवाशीण ताईंचं दरीचं म्हणणं मला पटतंय, ज्या घराण्याचा वाडाच डीन नावाचा त्यांच्या आडनावात दरी असणं जास्त जवळचं वाटतं.

ज्यांना पुढे शोधायचंय त्यांच्यासाठी: इंग्रजीत शोधताना शेवटच्या भागात 'ई', 'आय' आणि 'ओ' तिन्ही घालून बघा, अमेरिकेचं हवं असेल तर शेवटी 'डाइन'. हेन्रीच्या नावाबरोबर मुंबई किंवा १६७४ टाकलंत तर बारहॅमचा हेन्री वगळला जाईल. आणि तापीकाठ, पुढच्या वेळी कबरस्तानात गेलात तर दोन्ही भावांच्या कबरींवरचे लेख नीट दिसतील असे फोटो इथे टाकाल का? ढालीवरचे तीन बैल तिथे कोरलेत का ते बघायचंय.

तापीकाठ

टाकतो की. रविवारी सकाळी जातो, ऊन चढायच्या आत.